पडद्यावरचे बेट

ठाण्यात जन्म काढलेल्या मनुष्यास ‘आपण बेटावर राहता’ असे सांगितले, तर तो आधी हसतो आणि मग नकाशा मागतो. नकाशा मात्र आमच्याच बाजूने साक्ष देतो. पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईकडे वळलेले उल्हास नदीचे पाणी, पश्चिमेस समुद्र, आणि ह्या पाण्याच्या मधोमध साष्टीचे बेट. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी, अशी नावाची फोड सांगतात. १७३७ साली मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतले व १७७४ साली इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतले, तेव्हा ते बेट आहे याचा विसर कोणास पडणे शक्य नव्हते. पुढे पूल झाले, आगगाडी आली, आणि बेटपण लोकांच्या ध्यानातून निघून गेले. आमचे बिऱ्हाड ह्याच बेटाच्या काठी, बाळकुमास आहे. कशेळीचा पूल ओलांडला की बेट संपते आणि भिवंडीची वाट लागते. पुलावर मालमोटारींची रांग लागलेली असते व पुलाखालून भरतीचे पाणी येते आणि जाते. रांगेतल्या माणसापाशी सवडीखेरीज दुसरे काहीच नसते. तथापि त्या पाण्याकडे पाहणारा आम्हांस क्वचितच आढळला आहे.

बेटांचा विषय आमच्या घरात निघाला तो हवाई बेटांवरील एका माहितीपटाच्या निमित्ताने. निळे पाणी, माडांच्या रांगा, गळ्यांत फुलांचे हार, कमरेस पानांचे झगे, आणि मागून एका भारदस्त आवाजात चाललेले निवेदन. शेजारच्या आगरी कुटुंबातील मावशी त्या वेळी आमच्याकडे बसल्या होत्या. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे. इंग्रजी निवेदनाचा त्यांना उपद्रव नव्हता. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, “ह्यी कोन गो? नि यवरं हसतान कशाला?” पुढे नाच संपून डोंगर व धबधबे आले, तेव्हा त्यांचा दुसरा प्रश्न आला. ह्या लोकांना शेत आहे काय, प्यावयाचे पाणी कोठून आणतात, आणि मासळी विकावयास बायका जातात की पुरुष? तासाभराच्या त्या पटात ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर नव्हते. सूर्यास्त मात्र चार होते, आम्ही मोजले.

मावशींचे प्रश्न आम्हांस त्या पटापेक्षा अधिक अभ्यासाचे वाटले. बेटावर वाढलेल्या माणसाने दुसऱ्या बेटाविषयी जे विचारावे तेच त्यांनी विचारले होते. बाळकुमाच्या बाजूस भातशेती होती, खाडीत मासळी होती, खाऱ्या पाण्याशी झगडून गोडे पाणी राखणे हा घराघराचा उद्योग होता. आगरी हे नावच मुळी आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेले सांगतात. अशा माणसास नाच हा जगण्याचा शेवटचा भाग वाटतो, पहिला नव्हे. आणि पडद्यावर तोच पहिला येतो.

हे असे का होते याचा शोध घेऊ लागलो, तर वाट फार मागे जाते. आपल्याकडे १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रफितीवर घेतली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण केले. जे घडले ते टिपले, इतकाच तो सरळ व्यवहार होता. त्यांत शोभेचा आणि शिकवणुकीचा भाग शिरला तो मागाहून. १९२६ साली रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा सामोआ बेटावरील ‘मोआना’ हा पट प्रसिद्ध झाला. त्याचे परीक्षण लिहिताना जॉन ग्रिअर्सन यांनी ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला, आणि ह्या जातीच्या पटास त्यावरून नाव मिळाले. आपल्याकडे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाल्यावर ‘अनुबोधपट’ हा शब्द रूढ झाला, आणि पुढे ‘माहितीपट’ आला. दोन्ही शब्द आम्हांस थोडे उपदेशी वाटतात. बोलपटापूर्वी हे पट दाखविणे चित्रपटगृहांस सक्तीचे होते, आणि त्या वेळात बाहेर उभे राहून शेंगदाणे खाणारा प्रेक्षक हा त्या शब्दांचा खरा टीकाकार होय. ती फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

पण मुद्दा ‘मोआना’चा होता. डॉक्युमेंटरी हा शब्द ज्या पटावरून निघाला, त्या पटातील सामोअन लोक त्या काळी रोज जे कपडे घालीत, ते पडद्यावर दिसत नाहीत. आजोबा-पणजोबांच्या काळची साले त्यांना नेसविण्यात आली, आणि मागे पडत चाललेला गोंदण्याचा विधी एका तरुणावर पुन्हा करविण्यात आला. फ्लॅहर्टी यांनी पुढे आयर्लंडजवळच्या अ‍ॅरन बेटांवर ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’ हा पट काढला. तो १९३४ साली आला. त्यातील अजस्र माशाची शिकार त्या बेटावर दोन पिढ्यांपूर्वीच बंद पडली होती. भाला कसा फेकावा हे तेथल्या कोळ्यांस नव्याने शिकवावे लागले. पडद्यावरचे आई, बाप आणि मुलगा हे एका घरचे नव्हते. खवळलेला समुद्र मात्र खरा होता, आणि नाव हाकणाऱ्यांचे प्राणही खरोखरच पणास लागले होते. समुद्राशी झुंजणारा दरिद्री परंतु ताठ मानेचा द्वीपवासी जगाने त्या पटात पाहिला. त्या दारिद्र्यात जमिनीच्या मालकीचा, खंडाचा आणि वसुलीचा किती वाटा होता हे त्यात कोठेच नव्हते. एवढे सांगितल्यावर हेही सांगावयास हवे की, हाच फ्लॅहर्टी उत्तर ध्रुवाकडील लोकांवरचा आपला पहिला पट काढीत असता घेतलेले चित्रण तेथेच धुऊन त्याच लोकांस दाखवीत असे. ज्याचे चित्र त्यास दाखविण्याचा हा शिष्टाचार त्याच्या पुष्कळ अनुयायांनी सोडून दिला. जुनी साले नेसविण्याचा मात्र उचलला.

हवाईची गोष्ट ह्याहून एक पाऊल पुढची आहे. तेथील राणीचे राज्य १८९३ साली उलथविण्यात आले, १८९६ साली शाळांतून तेथल्या भाषेचे माध्यम काढून इंग्रजीचे लादण्यात आले, आणि १८९८ साली ती बेटे अमेरिकेस जोडली गेली. त्याच १८९८ साली एडिसनच्या माणसांनी होनोलुलूच्या बंदरात चित्रण केले. त्यात तेथली मुले आगबोटीवरून फेकलेली नाणी काढावयास पाण्यात बुड्या मारताना दिसतात. एक राज्य बुडाले त्या वर्षी जगाने पाहिले ते पैशासाठी बुडणारे पोर! पुढे १९३७ साली कोडॅक कंपनीच्या आश्रयाने वायकीकी येथे हुला नृत्याचा एक विनामूल्य खेळ सुरू झाला, तो २००२ पर्यंत चालला. हा खेळ भर दिवसा होई. कारण त्या काळच्या फिल्मला उजेड पुष्कळ लागे आणि रात्रीच्या नाचाचे चित्र प्रवाशांस घेता येत नसे. म्हणजे नाच आहे म्हणून चित्र नव्हे, तर चित्र निघावे म्हणून नाच. हे वाचले तेव्हा मावशींच्या ‘हसतान कशाला’ ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सापडले असे वाटले.

तेथल्या लोकांनी ह्यावर काढलेला तोडही सांगण्यासारखा आहे. होनोलुलूजवळ सँड आयलंड म्हणून एक जागा आहे. तेथे वस्ती करून मासळीवर राहणाऱ्या हवाईयन कुटुंबांना सरकारने १९८० साली हुसकावून लावले. त्या हुसकावलेल्यांत पुहीपाऊ नावाचा एक गृहस्थ होता. त्याने पुढे स्वतःच कॅमेरा हाती धरला. त्याच्या व जोन लँडर यांच्या चित्रपथकाचे नाव ‘ना माका ओ का आयना’, म्हणजे भूमीचे डोळे. १८९३ च्या त्या राज्यहरणावर ‘अ‍ॅक्ट ऑफ वॉर’ हा त्यांचा पट १९९३ साली, बरोबर शंभर वर्षांनी, आला. त्यात नाच मागे आहे व जमीन पुढे आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आगरी-कोळ्यांचे जे चित्र आपण मध्यमवर्गीय लोक बाळगतो, ते बहुतेक शाळेच्या स्नेहसंमेलनातून आलेले आहे. रुमाल, टोपी, हातात वल्हे, आणि पायांखाली लाकडी रंगमंचाचा समुद्र. आमच्या स्वतःच्या घरात अशा वेषातील मुलाचे छायाचित्र चौकटीत लावलेले आहे. तो मुलगा आज संगणकाच्या कचेरीत आहे आणि त्यास पोहता येत नाही. किनाऱ्यावरील लोकजीवनाचे जे माहितीपट आमच्या पाहण्यात आले, त्यांतील पुष्कळ ह्याच स्नेहसंमेलनाचे मोठे भाऊ होते. त्यांतील कोळी नेहमी नारळी पौर्णिमेच्या दिवशीच भेटतो. दुसऱ्या दिवशी तो बर्फाचे पैसे कसे चुकवितो, डिझेलचा हिशेब कसा जुळवितो, मुलाची शाळेची फी कोणत्या सावकाराकडून आणतो, हे पाहावयास कॅमेरा थांबत नाही. सण दिसतो तेवढा दिवस संस्कृती, आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस नुसते जगणे, अशी ही वाटणी आहे.

ह्याला मोठे अपवादही आहेत, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. आनंद पटवर्धन यांचा ‘फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड’ हा १९९८ चा पट यांत्रिक जहाजांच्या मासेमारीने लहान मच्छीमारांवर आलेल्या संकटावर आहे, त्यात कोळी नाचण्याऐवजी भांडतात. २०२३ साली आलेला सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ हा पट आम्हांस विशेष वाटला; त्यास त्या वर्षी अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात पारितोषिकही मिळाले. मुंबईचे दोन कोळी मित्र त्यात आहेत. एकाचा भरवसा काठाजवळच्या मासेमारीवर व वडिलांच्या होडीवर, दुसरा खोल समुद्रात दिव्यांच्या झोतांनी मासळी गोळा करण्याच्या मोहात सापडलेला. समुद्र दोघांनाही पुरेसे देत नाही, आणि मैत्रीवर त्याचा ताण पडतो. त्यातील घरे खऱ्या घरांसारखी अडचणीची आहेत. मात्र असा पट बाळकुमाच्या मावशींपर्यंत पोहोचावयाचा कसा? महोत्सव परदेशी, तिकीट मल्टिप्लेक्सचे, आणि प्रयोग रात्री साडेनऊचा. ज्यांचे जीवन त्यात आहे त्यांनीच तो शेवटी पाहावा, किंवा पाहूच नये, अशी ही व्यवस्था आहे.

आमच्या खाडीवरचे चित्रण आणखी निराळ्या वाटेने गेले. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली रामसर यादीत आला. तेव्हापासून गुलाबी पक्ष्यांचे थवे इतक्या वेळा टिपले गेले आहेत की, त्यातील एखादा पक्षी आम्हांस वाटेत भेटला तर ओळखूही येईल. पक्ष्यांशी आमचे वैर नाही. पण त्याच चिखलात गुडघाभर उतरून हाताने निवट्या धरणारी बाई चौकटीच्या बाहेर ठेवावयाची, आणि खाडी ‘निर्मनुष्य’ आहे असे मधुर आवाजात सांगावयाचे, हे आम्हांस रुचत नाही. उधाण केव्हा, भांग केव्हा, सुकतीस पाग कोठे टाकावा, हे ज्ञान पंचांगासारखे तोंडपाठ असलेली माणसे बाळकुम-कोलशेताकडे अजून आहेत. बाळकुम ते गायमुख असा किनारी रस्ता योजिला आहे. तो झाल्यावर त्या ज्ञानास किती जागा उरेल, हे त्यांचे तेच जाणत असतील. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन गेलेला मनुष्य मात्र आमच्या पाहण्यात नाही.

आणि तरीही ह्या गावाचे चित्रण झालेले आहे, विपुल झालेले आहे! ही गोष्ट आम्हांस मावशींच्या माळ्याने शिकविली.

गतवर्षी त्यांच्या घराची पुनर्बांधणी निघाली, तेव्हा माळ्यावरून एक गोणपाट खाली आले. त्यात लग्नांच्या व हळदीच्या चौदा व्हिडिओ कॅसेटी होत्या. आगरी घरातील हळद म्हणजे काय हे ठाणेकरांस सांगणे नको. रस्त्यावरचा मांडव, बँजो, आणि पहाटेपर्यंतचा नाच यांमुळे ते ज्ञान त्यांच्या कानांस सक्तीने मिळालेले असते. ह्या हळदीचे चित्रण करणारा स्थानिक ‘शूटिंगवाला’ गेल्या तीन-चार दशकांत घरोघरी फिरला आहे. कलेची त्यास पर्वा नव्हती. यजमानाने त्यास एकच आज्ञा दिलेली असे : कोणी सुटता कामा नये. कारण ज्याचे तोंड कॅसेटीत दिसले नाही तो पुढे पाच वर्षे बोलून दाखवितो. ह्या एका आज्ञेमुळे जे कोणत्याही माहितीपटास साधले नाही ते त्यास साधले. त्याने सगळे घेतले. पंगतीत वाढणारे, पंगतीत रुसलेले, ओट्यावर झोपी गेलेले म्हातारे, मोठ्या पातेल्यात वडे तळणाऱ्या बायका, घामाने भिजलेला बँजोवाला, मागच्या भिंतीवरचे निवडणुकीचे रंगविलेले चिन्ह, आणि मांडवापलीकडे अंधारात उभे असलेले भाताचे उडवे.

चौदांपैकी नऊ कॅसेटी एका जाणत्याकडून संगणकावर उतरवून घेतल्या. त्या पाहावयास मावशी, त्यांची सून, दोन नाती आणि आम्ही उभयता असे रोज रात्री बसत होतो. एकेक कॅसेट तीन तासांची! हे पट कंटाळवाणे आहेत काय? आहेत, पण तो कंटाळा आमचा. त्यांच्या घरात कोणासही कंटाळा आलेला आम्ही पाहिला नाही, कारण प्रत्येक चेहऱ्यास नाव होते व प्रत्येक नावास एक हकीकत होती. माहितीपट परक्यास माहिती देतो. ही कॅसेट परक्यास काहीच देत नाही, आणि आपल्यास सगळे परत देते.

असे असले तरी ह्या कॅसेटींस आम्ही सत्यवादी म्हणणार नाही. त्यांतही लबाडी आहे, आणि ती एका ठिकाणी फार महाग पडली आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. विधी चालू असता धवले गाणारी ही वृद्ध स्त्री. तिच्या गाण्यावाचून एके काळी लग्न पुरे होत नसे. पुस्तक नाही, वही नाही. आईकडून वा सासूकडून कानांनी आलेली ती गाणी. मावशींच्या धाकट्या दिराच्या लग्नाच्या कॅसेटीत ही धवलारीण दिसते. डोळे मिटलेले, ओठ हलत आहेत, बाजूच्या बायका तिच्या मागून म्हणत आहेत. आणि ऐकू काय येते? त्या वर्षी गाजलेल्या एका हिंदी बोलपटातील युगलगीत! शूटिंगवाल्याने मूळ आवाज पुसून वर ते गीत चढविले होते. त्या काळी ती चाल होती व घरच्यांनीही ती हौसेने सांगितली होती. ती धवलारीण वारून वीस वर्षे झाली. ओठांवरून शब्द ओळखता येतात की काय, हे पाहण्यासाठी मावशींनी तो तुकडा तीनदा लावावयास सांगितला. दोन ओळी त्यांना लागल्या. पुढे गेल्या नाहीत. परदेशी दिग्दर्शकाने आमच्यावर जुनी साले चढविली म्हणून आम्ही रागावतो. येथे आम्हीच आमच्यावर नवे गाणे चढविले. तथापि दोहोंत एक फरक आम्ही मानतो. हे गाणे ज्यांनी चढविले त्यांना लाज वाटत नव्हती, आनंद वाटत होता; आपल्या घरचे लग्न बोलपटासारखे दिसावे हा त्यांचा हट्ट होता, आणि तो हट्ट हाही त्या काळच्या बाळकुमाचाच एक खरा भाग आहे. कोणी दिग्दर्शक आला असता तर तो ते गीत गाळून, धवलारणीचा आवाज ठेवून, सगळे अधिक ‘अस्सल’ करता. आणि हौसेने ते गीत निवडणारी माणसे त्यातून नाहीशी होती.

सातव्या रात्री मात्र एक चमत्कार झाला. एका हळदीच्या कॅसेटीत, शेवटच्या अकरा मिनिटांत, शूटिंगवाला गाणे चढवावयास विसरला असावा किंवा त्याचा पैशावरून तंटा झाला असावा. जात्यावर हळद दळली जात आहे आणि तीच धवलारीण गात आहे, तिच्याच आवाजात. आवाज चिरका आहे, मध्ये कोंबडा आरवतो, कोणीतरी पाणी मागते, एक पोर रडते. आमच्या सौभाग्यवतींनी लेखणी घेतली. मावशी एकेक शब्द सांगू लागल्या, अर्थ विचारला की अर्ध्या वेळा म्हणत, “त्ये तसंच म्हनतान.” त्यांच्या धाकट्या नातीने, जी शाळेत आगरी बोलल्यावर हसतात म्हणून घराबाहेर शुद्ध बोलते, आपल्या दूरध्वनीवर ती अकरा मिनिटे उतरवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी तीन घरांतून तशीच मागणी आली.

मावशींचे लक्ष ह्या गडबडीत निराळीकडेच होते. गाणे संपत आले तसे त्या एकदम पुढे सरकल्या. “थांबव, थांबव! ती भित बघ.” गाणाऱ्या बाईच्या मागे कुडाची एक भिंत होती, तिला टेकून एक पाटी, दोन घागरी व एक गुंडाळलेले जाळे. ती त्यांच्या सासऱ्यांची भिंत. तिच्या जागी आता वाहने ठेवावयाचा तळमजला आहे. जाळे कोणाचे, यावर सून आणि सासू यांचा वाद झाला, तो अद्याप मिटलेला नाही.

उरलेल्या पाच कॅसेटींना बुरशी लागली आहे. जाणता म्हणतो की दोन सुटतील, तीन सांगता येत नाहीत, आणि पावसाळ्यात तर त्या उघडूच नयेत. मावशींनी त्या तांदळाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवल्या आहेत. त्यांतली एक त्यांच्या स्वतःच्या थोरल्या लेकीच्या लग्नाची आहे.